'सांगायला अत्यंत आनंद होतोय की...': सोशल मीडियावर लोक स्वतःचं कौतुक कसं करतात?

"यंदा अभ्यास अजिबातच झाला नव्हता, तरी ९४ टक्के मिळाले. सगळी आई-बाबांची पुण्याई!"

"दोन वर्षांत तिसरं प्रमोशन. आता तरी थोडी झोप मिळू दे रे देवा."

"विमानतळावरची कॉफी एवढी महाग का असते?" सोबत फोटो. फोटोत कॉफीचा कप, कपाखाली पासपोर्ट आणि पासपोर्टातून डोकावणारा बोर्डिंग पास.

यातल्या एकाही पोस्टमध्ये 'मी भारी आहे' असं कुणी म्हटलेलं नाही. तरी वाचणाऱ्याला तेच ऐकू येतं आणि लिहिणाऱ्यालाही तेच पोहोचवायचं असतं. स्वतःची स्तुती करायची, पण करताना पकडलं जायचं नाही, हा खेळ फेसबुक, इन्स्टाग्राम, लिंक्डइन आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर दिवसरात्र चालू असतो. गंमत म्हणजे या लपवाछपवीमुळेच माणूस लोकांना जास्त खटकतो. सरळ बढाई मारणारा त्यापेक्षा बरा वाटतो, असं संशोधन सांगतं.

असं का होतं? लोक कोणकोणत्या युक्त्या वापरतात? आणि ज्यांना स्वतःबद्दल चार चांगले शब्द बोलताच येत नाहीत, त्यांचं काय होतं?

बढाई जुनीच, जागा नवी

मराठीत या प्रकाराला शब्दांची कमी नाही. बढाई, फुशारकी, शेखी, टेंभा मिरवणं, टिमकी वाजवणं, डांगोरा पिटणं, आपलीच पाठ आपणच थोपटून घेणं, आपलीच लाल करणं. एवढे शब्द आहेत, पण त्यातला एकही कौतुकाने वापरला जात नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातल्या पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणं दिली आहेत. त्यात स्वतःची स्तुती स्वतः करणारा आहे आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणाराही आहे.

महाभारतातला प्रसंग तर याहून कडक आहे. कर्णपर्वात जखमी युधिष्ठिर रागाच्या भरात अर्जुनाला म्हणतो की तुझं गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. असं म्हणणाऱ्याचा वध करायची अर्जुनाची प्रतिज्ञा असते. कृष्ण पळवाट काढतो. थोरल्याचा अपमान करणं हे त्याला मारण्यासारखंच आहे, तेव्हा अपमान कर म्हणजे प्रतिज्ञा पूर्ण होईल. अर्जुन भावाला नाही नाही ते बोलतो आणि मग पश्चात्तापाने स्वतःचाच जीव द्यायला निघतो. त्यावरही कृष्णाकडे उपाय असतो. स्वतःच्या तोंडाने स्वतःचे गुण गा, कारण आत्मस्तुती ही आत्महत्येच्या बरोबरीची आहे. आणि अर्जुन तिथल्या तिथे आपल्या पराक्रमाची यादी वाचून दाखवतो.

म्हणजे 'स्वतःचं कौतुक स्वतः करू नये' हा संस्कार खोलवर रुजलेला आहे. दुसरीकडे सोशल मीडियाची सगळी रचना 'तुमच्याबद्दल सांगा' याच विनंतीवर उभी आहे. प्रोफाइल भरा, बायो लिहा, फोटो टाका, आज काय विशेष ते कळवा. फेसबुकने फेब्रुवारी २००९ मध्ये लाइकचं बटण आणलं आणि कौतुकाला आकडा मिळाला. संस्कार म्हणतो बोलू नकोस, अ‍ॅप म्हणतं बोल. या कात्रीतून सुटायला लोकांनी ज्या वाटा शोधल्या, त्यातली सगळ्यात प्रसिद्ध वाट म्हणजे 'हम्बलब्रॅग'.

हम्बलब्रॅग म्हणजे काय?

हम्बल म्हणजे नम्र, ब्रॅग म्हणजे बढाई. नम्रतेचा सदरा घातलेली बढाई. हा शब्द लोकप्रिय केला तो हॅरिस विटल्स या अमेरिकन विनोदी लेखकाने. २०१० मध्ये त्याने ट्विटरवर याच नावाचं एक खातं उघडलं. नामवंत लोक नम्रतेचा आव आणून स्वतःची स्तुती करत असलेली ट्वीट्स शोधायची आणि पुन्हा शेअर करायची, एवढंच काम ते खातं करायचं. वर टिप्पणी नाही, टोमणा नाही. लोकांना विनोद आपोआप कळायचा. २०१२ मध्ये त्याचं पुस्तकही आलं. २०१५ मध्ये अगदी तरुण वयात विटल्सचं निधन झालं, शब्द मात्र राहिला.

ओव्हुल सेझर, फ्रान्सेस्का जिनो आणि मायकल नॉर्टन या संशोधकांनी या प्रकाराचा रीतसर अभ्यास केला. तो २०१८ मध्ये 'जर्नल ऑफ पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांना हम्बलब्रॅगचे दोन प्रकार दिसले.

पहिला तक्रारीचा. "नवीन कारला पार्किंगच मिळत नाही सोसायटीत, डोक्याला ताप." "सगळे म्हणतात तू पंचविशीची वाटतेस, बँकेत प्रत्येक वेळी आयडी दाखवावा लागतो." तक्रार खरी असेलही, पण ती करण्यामागे आधीचं अर्धं वाक्य सांगायचं असतं.

दुसरा नम्रतेचा. "माझ्यासारख्या सामान्य माणसाला व्याख्यानाला का बोलावतात कळत नाही." "एवढ्या मोठ्या लोकांच्या रांगेत माझं नाव, मला तर अजून विश्वासच बसत नाहीये."

संशोधकांनी हम्बलब्रॅगची तुलना सरळ बढाईशी आणि सरळ तक्रारीशी केली. हम्बलब्रॅग करणारा माणूस लोकांना दोघांपेक्षाही कमी आवडला आणि बढाई मारणाऱ्यापेक्षा कमी कर्तबगारही वाटला. दोन प्रकारांत तक्रारीचा प्रकार अधिक वाईट ठरला. कारण साधं आहे. बढाई मारणारा निदान प्रामाणिक वाटतो. तक्रार करणाऱ्याबद्दल थोडी सहानुभूती वाटते. हम्बलब्रॅग करणाऱ्याला कौतुकही हवं असतं आणि सहानुभूतीही, आणि वाचणाऱ्याला आपण गंडवले जातोय असं वाटून दोन्ही मिळत नाही.

याच अभ्यासाचा एक भाग नोकरीच्या मुलाखतीवर होता. 'तुमचा सर्वात मोठा दोष कोणता?' हा मुलाखतीतला ठरलेला प्रश्न. विद्यार्थ्यांनी लिहून दिलेली उत्तरं पाहिली तर बहुतांश जणांनी दोषाच्या नावाखाली गुणच सांगितला होता. मी फार परफेक्शनिस्ट आहे, मी कामात स्वतःला झोकून देतो, मला 'नाही' म्हणता येत नाही. ज्यांनी खरोखरचा दोष सांगितला, त्यांना नोकरी द्यायला वाचणारे जास्त तयार होते. 'मी वर्कोहोलिक आहे' हे उत्तर पाठ करून मुलाखतीला जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

लिंक्डइनची वेगळीच बोली

अमेरिकेनंतर लिंक्डइनचे सर्वाधिक सदस्य भारतात आहेत. नोकरी शोधण्यासाठी असलेल्या या ठिकाणी आता एक स्वतंत्र साहित्यप्रकार तयार झालाय. पहिली ओळ धक्का देणारी असते. "त्याने मला केबिनमधून बाहेर काढलं." मग एक ओळ मोकळी. "मी रडलो." पुन्हा ओळ मोकळी. शेवटी कळतं की तोच माणूस आज यांच्या हाताखाली काम करतो आणि यातून नेतृत्वाचे पाच धडे मिळतात.

एकेका ओळीचे परिच्छेद हे काही काव्य नाही. फीडमध्ये पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला 'सी मोअर'वर टॅप करावं लागतं. त्यामुळे सगळी ताकद पहिल्या ओळीत लावली जाते. बढाई शेवटी येते आणि ती शिकवणुकीच्या वेष्टनात येते. मी यशस्वी झालो असं सांगायचं नसतं, तुम्ही काय शिकाल ते सांगायचं असतं. वाचणारे हसतात आणि तरी लाइक करतात, कारण उद्या त्यांनाही तिथेच नोकरी शोधायची असते.

दुसऱ्याच्या तोंडून आपलं कौतुक

स्वतः बोलायचं नसेल तर दुसऱ्याला बोलतं करायचं. ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या 'खूप सुंदर काम, ताई'चा स्क्रीनशॉट स्टोरीला लावणं हा याचा सगळ्यात साधा नमुना. वाढदिवसाला मित्रांनी टाकलेल्या चाळीस स्टोऱ्या एकामागून एक आपल्या खात्यावर शेअर करणं हाही तोच प्रकार. आपण एक शब्दही बोललेलो नाही, बोलले ते लोक.

ही युक्ती मानसशास्त्राच्या कसोटीवर चक्क पास होते. जेफ्री फेफर, रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागींनी आपण पुस्तक प्रकाशनसंस्थेतले संपादक आहोत असं समजायचं होतं. एका गटाने वाचलं की लेखक स्वतःच स्वतःची थोरवी सांगतोय. दुसऱ्या गटाने तेच शब्द वाचले, पण ते लेखकाच्या एजंटच्या तोंडी होते. दुसऱ्या गटाचं लेखकाबद्दलचं मत बरंच चांगलं झालं. एजंटला लेखकाकडूनच पैसे मिळतात हे उघड होतं, तरीही.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही चौकात उभ्या असलेल्या माणसाला हे सांगायला संशोधक लागत नाही. 'कार्यसम्राट', 'युवकांचे आशास्थान', 'भावी नगरसेवक' असं लिहिलेला भला मोठा फ्लेक्स. खाली 'शुभेच्छुक' म्हणून मित्रमंडळाच्या पंचवीस जणांचे पासपोर्ट आकाराचे फोटो. फ्लेक्सचा खर्च बऱ्याचदा कुणी केलेला असतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण मजकूर मात्र कार्यकर्त्यांच्या नावाने असतो. योगायोग असा की इंग्रजीत हिप-हॉपमधून आलेल्या 'फ्लेक्स' या शब्दाचा अर्थही मिरवणं असाच आहे, दंडाचे स्नायू फुगवून दाखवण्यावरून आलेला. इन्स्टावरचा 'फ्लेक्स' आणि चौकातला 'फ्लेक्स' यांचं मूळ वेगळं, काम एकच.

याच्या जवळचा एक प्रकार म्हणजे मोठ्या माणसाच्या उजेडात उभं राहणं. चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत एक निरीक्षण केलं. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणाऱ्यांची संख्या वाढायची. संघ जिंकल्यावर विद्यार्थी 'आम्ही जिंकलो' म्हणायचे, हरल्यावर 'ते हरले'. आपल्याकडे क्रिकेटचा सामना झाल्यावर 'आपण जिंकलो' आणि 'यांना खेळताच येत नाही' ही दोन वाक्यं ऐकली की याची खात्री पटते. सोशल मीडियावर हा प्रकार कधी कधी फार विचित्र वळण घेतो. एखादा ज्येष्ठ कलाकार गेला की काही तासांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या पोस्ट येतात आणि त्यातल्या कित्येकांत दिवंगत व्यक्तीसोबत काढलेला स्वतःचाच सेल्फी असतो. त्यात दुःख खोटंच असतं असं नाही. पण शेकडो फोटोंमधून नेमका तोच निवडला जातो, हेही खरं.

विकत घेतलेलं कौतुक

इथून पुढे मामला फक्त गमतीचा राहत नाही, कारण यात लोकांचे पैसे जातात.

एक दिवस मेल येतो. 'अभिनंदन! तुमची आंतरराष्ट्रीय उत्कृष्टता पुरस्कारासाठी निवड झाली आहे.' पुढच्या मेलमध्ये नोंदणी शुल्क, ट्रॉफीचे वेगळे पैसे, स्टेजवर फोटो हवा असेल तर आणखी वेगळं पॅकेज. छोटे व्यावसायिक, शिक्षक, कोचिंग क्लास चालवणारे, नवखे लेखक हे याचे ठरलेले गिऱ्हाईक. पुरस्कार हातात आला की तो पोस्ट होतो, शे-दोनशे 'अभिनंदन सर' मिळतात आणि त्या पोस्टवरून आयोजकांना पुढचं गिऱ्हाईक मिळतं. असा मेल आला तर परीक्षक कोण आहेत, निकष जाहीर आहेत का आणि पुरस्कार घेण्यासाठी पैसे मागितले जातायत का, एवढे तीन प्रश्न विचारले तरी बरंच स्पष्ट होतं.

'मानद डॉक्टरेट'चंही तेच. नावाआधी 'डॉ.' लागावं म्हणून पैसे मोजणारे आणि ते घेऊन पदवी देणाऱ्या संस्था दोन्ही आहेत. विद्यापीठ अनुदान आयोग म्हणजे यूजीसी आपल्या संकेतस्थळावर बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. पदवीचा फोटो शेअर करण्याआधी, आणि पैसे भरण्याआधी तर नक्कीच, ती यादी पाहता येते.

बायोमध्ये लिहिल्या जाणाऱ्या किताबांबाबत तर सर्वोच्च न्यायालयाचाच निकाल आहे. राज्यघटनेच्या कलम १८ नुसार राज्यसंस्थेला लष्करी आणि शैक्षणिक सन्मान वगळता कुणालाही किताब देता येत नाही. मग भारतरत्न आणि पद्म पुरस्कार घटनेत बसतात का, असा प्रश्न बालाजी राघवन खटल्यात आला. डिसेंबर १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हे पुरस्कार किताब नाहीत, त्यामुळे ते वैध आहेत. पण म्हणूनच ते नावाच्या आधी किंवा नंतर लावता येणार नाहीत. म्हणजे खरोखरचा पद्मश्री मिळालेल्या व्यक्तीनेही 'पद्मश्री अमुक तमुक' असं नाव लावायचं नसतं. पैसे देऊन घेतलेला 'समाजभूषण' नावाआधी लावण्याबद्दल न्यायालयाने काही म्हटलेलं नाही, तो ज्याच्या त्याच्या तारतम्याचा भाग.

न बोलता बरंच काही

सगळ्यात सफाईदार बढाई फोटोत असते. पावसाचा फोटो, पण स्टिअरिंगवरच्या लोगोसकट. 'संडे रीडिंग' म्हणून उघडं पुस्तक, मागे समुद्र दिसणारी खिडकी. नुसतं लोकेशन टॅग. शब्द नसल्यामुळे पुराव्यानिशी कुणाला बढाई म्हणताही येत नाही.

मात्र या फोटोंमध्ये एक व्यावहारिक धोका असतो. बोर्डिंग पासवर नाव आणि पीएनआर क्रमांक असतो. ते झाकले तरी बारकोडमध्ये तीच माहिती असते आणि तो स्कॅन करणारी अ‍ॅप्स फुकट मिळतात. अनेक विमान कंपन्यांच्या संकेतस्थळावर आडनाव आणि पीएनआर टाकलं की बुकिंग उघडतं, त्यात कधी फोन नंबर आणि ईमेलही दिसतो. २०२१ मध्ये कोविड लशीचं प्रमाणपत्र स्टेटसला ठेवायची लाट आली होती, तेव्हा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 'सायबरदोस्त' खात्याने असं करू नका, फसवणूक होऊ शकते, असा इशारा दिला होता. ऑफर लेटर, मार्कशीट, नव्या फ्लॅटचा करार, कंपनीचं ओळखपत्र यांनाही तीच गोष्ट लागू आहे. आनंद सांगायला कागदाचा फोटो लागत नाही. आणि कुटुंबासकट दहा दिवस युरोपात आहोत ही बातमी घर बंद आहे हेही सांगते, ते वेगळंच.

आता बढाई अ‍ॅपच लिहून देतं

गेल्या काही वर्षांत कंपन्यांच्या हे लक्षात आलंय की लोकांना बढाई मारायची असते, पण लाज वाटते. मग ती तयार करून हातात द्यावी. 'वर्डल' हा शब्दखेळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. डिसेंबरमध्ये त्यात निकाल शेअर करायची सोय आली, त्यात फक्त हिरव्या-पिवळ्या चौकोनांची जाळी दिसायची. उत्तर फुटत नाही, पण आपण तिसऱ्या प्रयत्नात जिंकलो हे कळतं. जानेवारी २०२२ संपता संपता 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हा खेळ विकतही घेतला होता. स्पॉटिफाय २०१६ पासून वर्षाच्या शेवटी 'रॅप्ड' देतं, आपण वर्षभर कोणती गाणी किती ऐकली त्याची रंगीत कार्डं. धावण्याची अ‍ॅप्स नकाशासकट किलोमीटर देतात. 'मी रोज पहाटे धावतो' असं सांगणं जड जातं, अ‍ॅपने बनवलेलं कार्ड शेअर करणं सोपं असतं. कंपनीची जाहिरात फुकटात होते ती वेगळी.

पण हे सगळं का?

कारण स्वतःबद्दल बोलायला बरं वाटतं. हार्वर्डच्या डायना तमीर आणि जेसन मिचेल यांनी २०१२ मध्ये दाखवलं की स्वतःबद्दल माहिती देताना मेंदूतले तेच भाग जास्त सक्रिय होतात जे अन्न किंवा पैसे मिळाल्यावर होतात. एका प्रयोगात लोकांना निवड दिली होती. स्वतःबद्दलच्या प्रश्नाला उत्तर द्या, दुसऱ्याबद्दलच्या द्या, किंवा माहितीच्या प्रश्नाला द्या, प्रत्येकाचे पैसे कमी-जास्त. स्वतःबद्दल बोलायला मिळावं म्हणून लोकांनी सरासरी १७ टक्के कमाई सोडून दिली.

हे समजण्यासारखं आहे. न समजणारी गोष्ट ही की इतक्या वेळा दुसऱ्यांच्या बढाईला कंटाळलेला माणूस स्वतःच्या पोस्टबद्दल एवढा निर्धास्त कसा असतो?

इरेन स्कोपेलिटी, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि योआखिम फोसगेराउ यांनी २०१५ मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये याचं उत्तर दिलं. त्यांनी बढाई मारलेल्यांना विचारलं की ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल. आणि ऐकलेल्यांना विचारलं की खरंच काय वाटलं. मारणाऱ्यांचा अंदाज होता की समोरच्याला आनंद झाला असेल, अभिमान वाटला असेल. प्रत्यक्षात आनंद अंदाजापेक्षा कमी होता आणि वैताग अंदाजापेक्षा जास्त. पुढे त्यांनी काही जणांना सांगितलं, लोकांना तुम्ही आवडाल अशा बेताने स्वतःची ओळख लिहा. या लोकांनी आपले गुण जास्त सांगितले आणि वाचणाऱ्यांना ते कमी आवडले. आपण आनंदात असतो तेव्हा समोरचाही त्याच आनंदात असेल, असं आपण गृहीत धरतो. स्क्रीनवर तर समोरच्याचा चेहरा दिसतच नाही. कट्ट्यावर बढाई मारणाऱ्याला मित्रांचे फिरलेले डोळे दिसतात आणि तो विषय बदलतो. पोस्टखाली फक्त टाळ्या दिसतात, स्क्रोल करून पुढे गेलेले दिसत नाहीत.

शिवाय ऐकणारे कोण, हेही ठरलेलं नसतं. अ‍ॅलिस मारविक आणि डाना बॉइड यांनी ट्विटरच्या अभ्यासातून ही अडचण मांडली होती. प्रत्यक्ष आयुष्यात माणूस आत्याशी एक बोलतो, बॉसशी दुसरं, शाळेतल्या मित्राशी तिसरं. सोशल मीडियावर हे तिघे एकाच रांगेत बसलेले असतात. प्रमोशनची पोस्ट आईसाठी निखळ आनंद असते, त्याच ऑफिसमध्ये प्रमोशन हुकलेल्या सहकाऱ्यासाठी ती वेगळी असते, आणि गेले आठ महिने नोकरी शोधणाऱ्या वर्गमित्रासाठी आणखी वेगळी. घरच्या ग्रुपवर शोभणारं वाक्य पाचशे लोकांपुढे गेलं की मिरवणं होतं. शब्द तेच असतात.

जे बढाई मारत नाहीत, त्यांचं काय?

इथपर्यंत वाचून 'मग गप्प बसलेलं बरं' असं वाटू शकतं. पण गप्प बसण्याची किंमत असते आणि ती सगळ्यांना सारखी मोजावी लागत नाही.

क्रिस्टीन एक्सली आणि जड केसलर यांनी २०२२ मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्री-पुरुषांनी गणित आणि विज्ञानाची एक चाचणी सोडवली. मग त्यांना विचारलं, तुमची कामगिरी चांगली झाली या विधानाशी तुम्ही ० ते १०० मध्ये किती सहमत आहात? पुरुषांनी सरासरी ६१ दिले, स्त्रियांनी ४६. दोघांची कामगिरी सारखी असतानाही हा फरक होता. बरोबर उत्तरं नेमकी किती आली हे सांगून पुन्हा विचारलं, तरी फरक मिटला नाही. म्हणजे प्रश्न फक्त आत्मविश्वासाचा नव्हता. आकडा माहीत असूनही त्याला 'चांगला' म्हणायला जीभ रेटत नव्हती.

त्यालाही कारण आहे. लॉरी रडमन यांनी १९९८ मध्येच दाखवलं होतं की स्वतःचे गुण ठामपणे सांगणारी स्त्री कर्तबगार वाटते, पण नावडतीही होते. पुरुषाला ही किंमत तेवढी मोजावी लागत नाही. आपल्याकडे तर 'फार शहाणी समजते स्वतःला' हे वाक्य तयारच असतं. घरून डबे देणारी, ब्लाउज शिवणारी किंवा मेंदी काढणारी एखादी ताई 'घरगुती स्वरूपात थोडंफार करते' असं बायोमध्ये लिहिते तेव्हा तिचा दर आधीच खाली आलेला असतो. तेच काम करणारा दुसरा कुणी 'गेली बारा वर्षं, दोन हजारांहून अधिक समाधानी ग्राहक' लिहितो आणि ऑर्डर घेऊन जातो. गावातून शहरात आलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजला गेलेल्या मुलांचीही हीच अडचण होते. 'आपण कशाला सांगायचं, काम बोलेल' हे त्यांना घरी शिकवलेलं असतं. पण ज्या रिक्रूटरसमोर चारशे प्रोफाइल्स आहेत, त्याला काम दिसायला आधी कुणीतरी ते सांगावं लागतं.

मग सांगायचं कसं?

संशोधनातून काही गोष्टी बऱ्यापैकी स्पष्ट झाल्या आहेत. पहिली म्हणजे लपवू नका. 'नोकरी मिळाली, खूप आनंद झालाय' हे वाक्य 'आता पुण्यात एवढं महागडं घरभाडं कसं परवडणार' यापेक्षा कितीतरी बरं. आनंदाला तक्रारीचा मुखवटा घातला की आनंदही जातो आणि तक्रारही कुणी ऐकत नाही.

विशेषणांऐवजी माहिती द्या. 'उत्कृष्ट छायाचित्रकार' याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'सहा वर्षांत १४० लग्नं शूट केली, ही त्यातली दहा' याने कळतं, आणि ठरवायचं काम त्याच्याकडे राहतं. कुणी विचारल्यावर सांगितलेलं कौतुक न विचारता सांगितलेल्यापेक्षा कमी खटकतं, त्यामुळे ग्राहकांच्या प्रश्नांना जाहीर उत्तरं देणं हा कामाचा अनुभव सांगण्याचा सभ्य मार्ग ठरतो. ज्यांनी मदत केली त्यांची नावं घ्यावीत, पण खरीखुरी घ्यावीत. 'माझ्या संपूर्ण प्रवासात साथ देणाऱ्या सर्वांचे आभार' यात कुणाचंच नाव नसतं. ग्राहकाच्या मेसेजचा स्क्रीनशॉट लावायचा असेल तर त्याला विचारून, नंबर आणि डीपी झाकून.

दुसऱ्याचं कौतुक आपण केलं तर तेही उपयोगाचं असतं. ज्या मैत्रिणीला स्वतःबद्दल बोलता येत नाही, तिच्या कामाबद्दल दोन नेमकी वाक्यं लिहिली तर फेफर-चाल्डिनी यांच्या प्रयोगातल्या एजंटचं काम होतं, तेही बिनपैशाचं.

आणि तुलना टाळावी. बेल्जियममधल्या वेरा होरेन्स आणि सहकाऱ्यांना असं आढळलं की 'मी चांगला मित्र आहे' असं म्हणणाऱ्याबद्दल लोकांची फारशी तक्रार नसते. 'मी इतरांपेक्षा चांगला मित्र आहे' म्हटलं की माणूस नकोसा होतो. कारण त्या 'इतरां'मध्ये ऐकणारा स्वतःलाही धरतो. 'आमच्याकडच्या पुरणपोळ्या मऊ असतात' इथवर ठीक आहे. 'बाकीच्यांसारखा मैदा आम्ही घालत नाही' म्हटलं की भांडण कमेंटमध्ये सुरू होतं.